चिंचोका भाजणी

राजरत्नला वास येत नाही, हे सुदर्शनला मेलेल्या उंदरामुळे कळलं.

२००८ सालचा जुलै. नारायणगावला खेटून असलेल्या वारूळवाडीत हायवेलगत 'रत्न कॉफी'चा गाळा होता. त्या दुपारी सुदर्शन गाळ्यात शिरला आणि उंबऱ्यातच थांबला. पोत्यांच्या फळीखाली उंदीर मरून पडला होता आणि तो आजचा नव्हता. शेजारच्या पंक्चरवाल्यानं आपली खुर्ची उचलून रस्त्याच्या पार पलीकडे नेली होती. राजरत्न त्याच फळीवर बसून जेवत होता. भाकरी, वांग्याचं कालवण, फोडलेला कांदा. घास सावकाश चावत होता.

"ये. दोन घास खातो का?"

"जेवून आलोय," सुदर्शन म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आज लई झकास वास सुटलाय रं. काय भाजलं?"

राजरत्ननं मान वर केली, नाकानं हवा आत ओढली. "चिकमगळूर. सकाळचा घाणा हाय. अजून रेंगाळतोय बघ."

"वाटलंच," सुदर्शन म्हणाला. बाहेर येऊन थुंकला. गाडीत बसला आणि बराच वेळ त्यानं गाडी चालू केली नाही.

दोघे नारायणगावच्या एकाच शाळेत एका वर्गात होते. पुढे सुदर्शननं घरची शेती धरली. राजरत्न १९९० साली पुण्याला गेला आणि एका जुन्या कॉफीच्या गिरणीत झाडलोटीला लागला. मालकाला त्याच्या नाकाचा अंदाज लवकर आला. तो त्याला दर हिवाळ्यात सोबत चिकमगळूर, कोडगू, वायनाडला न्यायला लागला. राजरत्न तिथं माल बघायला शिकला. अरेबिका उंचावरची, सावलीतली, नाजूक. रोबस्टा खालच्या अंगाची, राकट, कडू, भरपूर फेस धरणारी. एका फळात सहसा दोन चपटे दाणे असतात, पण कधी एकच गोल दाणा भरतो, त्याला पीबेरी म्हणतात आणि तो निवडून वेगळा भाजतात. संत्र्याच्या झाडांमध्ये वाढलेली अरेबिका आणि मिरीच्या वेलांखालची अरेबिका, दोन्ही एकाच डोंगराच्या असल्या तरी कपात वेगळ्या लागतात. मलबारच्या किनाऱ्यावर तर कच्चे दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यात पसरून ठेवतात. ते फुगतात, पिवळे पडतात आणि त्यांचा आंबटपणा निघून जातो.

कच्चा दाणा जे शेजारी असेल ते ओढून घेतो, हे त्याला गिरणीच्या मालकानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवला तर रॉकेल, मसाल्याशेजारी ठेवला तर मसाला. २००० साली राजरत्न गावी परतला, सुदर्शनच्या हायवेच्या गाळ्यात दोघांनी भागीत धंदा मांडला, तेव्हा त्यानं सुदर्शनला पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

"गाळ्याच्या मागं तुमची कांद्याची चाळ हाय. त्या अंगाला खिडकी नको. कांदा शिरला दाण्यात, तर काय बी केलं तरी निघत न्हाई."

सुदर्शननं दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून खिडकी बुजवून घेतली होती.

गाळा आणि भाजणीचा ड्रम सुदर्शनचा, कसब राजरत्नचं, असा हिशोब होता. पाटीवर नाव राजरत्नचं आलं ते सुदर्शनच्याच म्हणण्यानं; तेव्हा धंदा चालेल की नाही याची खात्री नव्हती आणि बुडालेल्या धंद्यावर त्याला आपलं नाव नको होतं. धंदा चालला. नारायणगावच्या लोकांना कॉफी माहीत होती ती बाटलीतल्या पावडरीची, जायफळ घातलेली, पाहुण्यापुरती. राजरत्ननं त्यांना तीन भाजण्या शिकवल्या आणि त्यांची नावं त्यांच्या घरातलीच ठेवली. फिकी ती शेंगदाणा भाजणी. तिच्यात दाण्याचा मूळ गुण उघडा दिसतो, चांगलाही आणि वाईटही. मधली ती खारीक. आंबट, गोड, कडू तिन्ही तोलून धरणारी. आणि काळी, तेल सुटलेली ती चिंचोका. चिंचोका झालेला दाणा कुठल्या डोंगरावरचा हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही. हायवेच्या टपऱ्यांना चिकोरीच्या मुळांची स्वस्त पूड घालून विकायला ती बरी.

पुण्याहून माणसं यायची ती खारीक भाजणीसाठी. यायची, गाडीतून उतरायची आणि आधी राजरत्नचा हात हातात घ्यायची. गाळ्याचा मालक बाजूला उभा असायचा. "हे नाकवाले का?" असं विचारायची. आठ वर्षं सुदर्शन हे बघत होता. त्याच्या चाळीत राजरत्नची आई केशरबाई जन्मभर कांदा निवडायला होती. रोजानं. संध्याकाळी जाताना तिला चहा मिळायचा तो पडवीच्या खुंटीला वेगळ्या टांगलेल्या कपात.

सुदर्शनची आई चिमाबाई कधीमधी गाळ्यात येऊन बसत, पण तिथं काही घेत नसत. "मला कॉफी सोसत न्हाई," म्हणत. घरी सकाळ-संध्याकाळ बाटलीतली पीत.

राजरत्नचं नाक गेलं ते २००६ च्या डिसेंबरात. मंचरहून येताना कळंबजवळ मोटारसायकल घसरली आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. टाके पडले, आठवड्यात तो हिंडूफिरू लागला. गाळ्यात आल्यावर पहिला घाणा टाकला तेव्हा त्याला वाटलं, गॅस पेटलेला नाही. दाणे डोळ्यांदेखत तपकिरी होत होते आणि हवेत काहीही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल परत किंवा नाही येणार. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळत होतं. बाकी सगळं गेलं होतं.

त्यानं हे फक्त बायकोला सांगितलं.

प्रतीक्षा महाळुंगे पडवळ गावची. तिला कॉफीतलं काही येत नव्हतं, पण नाक होतं. राजरत्ननं तिला घरी, चुलीसमोर बसवून शिकवलं. त्याला सगळे वास आठवत होते. तो ते शब्दांनी सांगायचा, ती नाकानं शोधायची. ओल्या गवताचा वास जातो, मग भाजक्या पावाचा येतो, मग गूळ करपायच्या आधीचा. तिथं थांबायचं. वर्षभरात ती तयार झाली. संध्याकाळी ती गाळ्यात येऊन उद्याची पोती हुंगून ठेवायची. भाजणीच्या वेळी ड्रमपासून जरा लांब डबे भरत बसायची. वास नेमका वळला की स्टीलचा डाव डब्यावर एकदा वाजवायची. राजरत्न दाणे बाहेर काढायचा. तोही नुसता तिच्यावर विसंबून नव्हता. दाणा पहिल्यांदा फुटतो तो मक्याच्या लाहीसारखा, दुसऱ्यांदा फुटतो तो वाळल्या काटकीसारखा बारीक. हे कानाला कळतं, रंग डोळ्याला कळतो. पण दोघांत ठरलेलं होतं: कान काही म्हणो, डोळा काही म्हणो, डाव वाजला की काढायचं. नाक वरचढ.

खूण एकच होती. दुसरी कधी लागली नव्हती.

उंदीर मेला तेव्हा प्रतीक्षा दोन दिवस माहेरी होती. उंदराच्या दुपारनंतर सुदर्शननं घाई केली नाही. एकदा राजरत्नच्या पुढ्यात रॉकेलचा बोळा ठेवून त्यानं अर्धा तास गप्पा मारल्या. एकदा म्हणाला, "मोगरा लई फुललाय मागं," आणि मागं मोगरा नव्हता, तरी राजरत्न "व्हय, सकाळपास्नं येतोय" म्हणाला. मग सुदर्शनची खात्री झाली. प्रतीक्षाचं गाळ्यात येणं त्याला आता समजलं, पण ती मदतीला येते यापलीकडे त्यानं डोकं चालवलं नाही.

त्याच सुमारास पुण्यात नवी कॉफीची दुकानं काढणाऱ्या एका कंपनीनं माल बघायला येतो म्हणून कळवलं होतं. खरेदी बघणारी मुलगी तेजस्विनी, अवसरी खुर्दची. वडिलांचा कांदा आणि बटाटा. शिकून बंगलोरला गेली, कॉफी चाखायचं काम शिकली. हे गिऱ्हाईक लागलं असतं तर गाळ्याचा कारखाना झाला असता, आणि त्यावर पाटी राजरत्नची राहिली असती.

सुदर्शननं चिकमगळूरच्या नव्या मालातलं एक पोतं गुपचूप उचलून चाळीत नेलं. ऑगस्टचे दिवस. झडीनं चाळीतला कांदा खालून सडत होता, पाणी सुटलं होतं, आत गेलं की डोळे झोंबत. पोतं त्यानं कांद्याच्या मधोमध ठेवलं आणि तोंड सैल केलं. तेजस्विनी यायची होती त्याच्या आदल्या संध्याकाळी प्रतीक्षानं गाळ्यातलं पोतं हुंगलं. "झ्याक हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी सांगता तसं. संत्र्याची साल." ते पोतं सुदर्शननं पहाटे आपल्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि त्या जागी चाळीतलं ठेवलं. वास बाहेर पडू नये म्हणून तोंडावर जाड सुतळी दुहेरी गाठीनं घट्ट बांधली.

तेजस्विनी वेळेवर आली. सोबत चाखायचे चमचे, पांढरे कप. सुदर्शननं आज आईलाही आणून खुर्चीवर बसवलं होतं.

"ही माझी आई. आमच्या घरचं कुणी मोठं असलं की बरं वाटतं."

"नमस्कार आजी."

"अवसरीची का गं तू? कुणाची?"

तेजस्विनीनं वडिलांचं नाव सांगितलं. चिमाबाईंना ते ठाऊक निघालं. दोघी कांद्याच्या भावावर बोलल्या. प्रतीक्षाला सुदर्शननं चिमाबाईंच्या पलीकडे, शेगडीपाशी बसवलं. "वहिनी, तुमी पाण्याचं बघा. मॅडमला उकळतं लागंल." डबा आणि डाव तिनं सोबत नेला.

राजरत्ननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. ड्रम तापत होता. त्यानं पोत्याची सुतळी कापली, ओंजळभर दाणे घेतले आणि सवयीप्रमाणे नाकाशी नेले. मग तेजस्विनीसमोर धरले.

"एस सातशे पंचाण्णव. जुनी जात हाय, मॅडम. रोगाला टिकती अन् चव बी सोडत न्हाई. नवीन जातीत झाडं बुटकी, फळ जास्त, पण ही मजा न्हाई."

तेजस्विनी वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. तिनं वर सुदर्शनकडे पाहिलं. सुदर्शन बाहेरचा पाऊस बघत होता. तिचं कामच असं होतं की आधी समोरचा काय करतो ते बघायचं.

शेगडीपाशी प्रतीक्षाला वास आला तेव्हा तिला आधी वाटलं, चाळीचं दार उघडं राहिलं. मग तिनं बुजवलेल्या खिडकीकडे पाहिलं. तोवर राजरत्ननं दाणे ड्रममध्ये ओतले होते आणि उष्णतेनं तो वास सगळ्या गाळ्यात उठला.

थांबा म्हणावं तर का थांबा ते सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की नवऱ्याला इतका वेळ का कळलं नाही तेही सांगितल्यासारखं होतं. ती खोकली. राजरत्ननं लक्ष दिलं नाही. पावसाळ्यात सगळेच खोकतात. तो तेजस्विनीला सांगत होता की खारीक भाजणीत पहिली तडतड पूर्ण संपू द्यायची आणि दुसरी सुरू व्हायच्या आत काढायचं, त्या मधल्या जागेत सगळं असतं. आतून पहिले दाणे फुटू लागले.

प्रतीक्षानं डाव डब्यावर आपटला.

तिला म्हणायचं होतं, बंद करा. काहीतरी झालं म्हणा, गॅस संपला म्हणा, पण हे पुढं नेऊ नका. राजरत्नच्या कानात अजून तडतड भरात होती. ड्रमच्या जाळीतून दिसणारा रंग शेंगदाण्याचा होता. त्यानं एक क्षण तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं तरफ ओढली आणि दाणे गार करायच्या जाळीत पडले. फिके, तांबूस.

"लवकर काढले?" तेजस्विनीनं विचारलं. "तुम्ही तर तडतड संपू द्यायची म्हणत होता."

"ह्या मालाला एवढंच पुरतं," राजरत्न म्हणाला. "चांगल्या दाण्याला जास्त जाळू नये."

दाणे दळले, कपात घातले, त्यावर उकळतं पाणी पडलं. फिक्या भाजणीत दाण्याचा गुण उघडा पडतो, हे त्यानंच या गावाला शिकवलं होतं. तेजस्विनीनं चमचा बुडवला, भुरका मारला आणि ती कागदी पेल्यात थुंकली. मग त्याच्यासमोर कप सरकवला.

"दादा, तुम्हाला काय काय येतंय? सांगा ना. मी लिहून घेत नाही, नुसतं ऐकते."

राजरत्ननं कप दोन्ही हातांनी उचलला. डोळे मिटले. "आधी संत्र्याची साल," तो म्हणाला. "मग गूळ. नवा, पिवळा. अन् शेवटाला जाई. पाऊस पडून गेल्यावरची."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"परत एकदा बघ, रत्ना," सुदर्शन हळूच म्हणाला. "नीट."

राजरत्ननं परत वास घेतला, या वेळी खोल. छाती भरेपर्यंत. "जाईच," तो म्हणाला. "शंका न्हाई."

"आई, तू बी घे की आज," सुदर्शन म्हणाला आणि एक कप त्यानं आईच्या हातात दिला.

चिमाबाईंनी कप नाकापाशी नेला आणि लगेच खाली केला. "ह्यो तर आपल्या चाळीतला कांदा हाय."

"काय म्हणती आई?"

"कांदा रं. सडका. खालच्या थराचा." त्यांनी राजरत्नकडे पाहिलं, मग शेगडीपाशी बसलेल्या प्रतीक्षाकडे. "हिच्या सासूचा सगळा जलम आमच्या चाळीत गेला. निजायला घरी गेली तरी केसांत त्योच वास. अन् तिच्या लेकाला वळखू येईना व्हय?" कप त्यांनी न पिता खुर्चीखाली ठेवला.

राजरत्न कप धरून उभा होता. त्यानं अजून एकदा तो नाकाशी नेला. हे करायला नको होतं. तेजस्विनीनं नजर दुसरीकडे वळवली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला.

"मॅडम, चूक आमची," सुदर्शन म्हणाला. "गड्यानं पोतं चाळीत टाकलं असंल. मला बी आत्ताच कळतंय. पण मला एक सांगा, भाजणाऱ्याला कळाया नको? आमी समदे याच्या नाकावर बसलोय."

तेजस्विनीनं चमचे पुसले. ती कोणाची बाजू घ्यायला आलेली नव्हती. सुतळीची ती नवी, दुहेरी गाठ तिनं पाहिली होती, आणि पोतं नुसतं टाकून जाणारे गडी तशी गाठ मारत नाहीत हे तिला ठाऊक होतं. "पोतं कुठं ठेवायचं ते शिकवता येतं," ती बुजवलेल्या खिडकीकडे बघत सुदर्शनला म्हणाली. "ते तुम्हाला शिकवून ठेवलेलंच दिसतंय. पण नाक शिकवून येत नाही." मग ती प्रतीक्षाकडे वळली. "वहिनी, तुम्ही डाव का वाजवला?"

सुदर्शनला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं डाव वाजलेला ऐकला होता, पण त्यात काही आहे असं त्याच्या मनात आलं नव्हतं. तो एकदम प्रतीक्षाकडे बघायला लागला, बाजारात जनावर बघतात तसा.

"हातातनं पडला," प्रतीक्षा म्हणाली.

"त्याच्या आधी तुम्ही खोकलात. त्याच्या आधी खिडकीकडे पाहिलंत. मी तुमच्याकडेच बघत होते." तेजस्विनीचा आवाज चढला नव्हता. "स्पष्ट सांगते. या गाळ्यात कोणालाच वास कळत नसेल तर मी आत्ता उठते. कळत असेल तर बसते."

"वहिनी," सुदर्शन म्हणाला, "सांगा की. तुमच्या बी घरचा प्रश्न हाय. दुकान बंद करायचं का चालू ठेवायचं, तुमीच सांगा आता."

प्रतीक्षा नवऱ्याकडे बघत राहिली. त्यानं नजर दिली असती तर ती कदाचित वेगळं बोलली असती. तो जाळीतल्या दाण्यांवरून हात फिरवत होता.

"पोतं उघडलं तवाच आला," ती म्हणाली.

"मग वाजवलं का?" राजरत्ननं विचारलं. सगळ्यांसमोर, पण फक्त तिला विचारावं तसं.

"थांबावं म्हणून."

"ती खूण थांबायची न्हाई."

"मग थांबायची कुठली हाय?" प्रतीक्षा म्हणाली.

सुदर्शननं डिकीतून चांगलं पोतं आणलं. ते तिथं कसं, हे कोणी विचारलं नाही. पुढचा घाणा त्याच ड्रमवर, त्याच माणसानं भाजला. फक्त या वेळी डाव नव्हता. प्रतीक्षा ड्रमला खेटून उभी राहिली आणि नेमक्या वेळी तोंडानं म्हणाली, "आता." राजरत्ननं तरफ ओढली. दाणे खारकेच्या रंगाचे पडले. तेजस्विनीनं भुरका मारला आणि या वेळी थुंकली नाही, गिळला. काय येतंय, असं तिनं प्रतीक्षाला विचारलं. प्रतीक्षाला नवऱ्यानं दिलेल्या शब्दांखेरीज दुसरे शब्द येत नव्हते.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "गूळ. अन् जाई."

"बरोबर," तेजस्विनी म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी केशरबाईनं विचारलं, "आली व्हती का बाई पुण्याची? पटलं का तिला?"

"पटलं," राजरत्न म्हणाला.

त्यानंतर तो बायकोशी या विषयावर एकदाच बोलला. जेवताना, ताटाकडे बघत. "सुदर्शननं तुला आधी सांगितलं व्हतं का?"

प्रतीक्षाचा हात थांबला. "काय सांगितलं व्हतं?"

"न्हाई. सहज इचारलं."

तिनं शपथ घेतली, रडली, केशरबाईला मध्ये घातलं. तो "बरं" म्हणाला. पण आदल्या संध्याकाळी पोतं तिनंच हुंगलं होतं आणि डावही तिनंच वाजवला होता. दोन्ही वेळा तिनं जे म्हटलं ते खरं की खोटं, हे ताडून बघायला त्याच्याकडे काही नव्हतं. आता कधीच असणार नव्हतं. तो तिच्यावर ओरडला नाही की हात उगारला नाही. फक्त घरात आमटी लागली, दूध उतू गेलं, तरी तिनं सांगितल्यावर उठून खात्री करून यायला लागला.

दिवाळीपर्यंत गाळा वाढला. शेजारची जागा घेतली, समोर काचा आल्या. पाटी 'रत्न कॉफी'च राहिली, कारण पुण्याच्या कंपनीला ते नाव आवडलं. सुदर्शननं भागी मोडली आणि राजरत्नला पगारावर ठेवलं. "तुला काढणार न्हाई," तो म्हणाला. "शाळेतली वळख हाय आपली." पुढच्या खोलीत नवा ड्रम बसला, तिथं प्रतीक्षा. मागं, चाळीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड टाकली. तिथं जुना ड्रम आणि राजरत्न. काम चिंचोका भाजणीचं. टपऱ्यांसाठी, चिकोरी घालून. तिला नाक लागत नाही. दुसरी तडतड ऐकायची, ती भरात आली की काढायचं. थोडं जास्त झालं तर दाणे पेट घेतात, तेवढा कान ठेवायचा.

पहिल्या दिवशी सुदर्शननं त्याला कांद्याचं ते पोतं दिलं. "टाकून कशाला द्यायचं? काळं कर." ते सगळं विकलं गेलं. एकाही टपरीवाल्यानं तक्रार केली नाही.

सुदर्शनला पाहुण्यांना दाखवायला आता दोन गोष्टी होत्या. एक पुढच्या काचा. दुसरी मागची. कोणी दोस्त आले, सासुरवाडीचे आले, की तो शेडच्या दारात येऊन हाक मारायचा.

"रत्ना, जरा ये रं. पावणं आलंत."

राजरत्न हात पुसत यायचा. त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि नाकापुढं काहीतरी धरायचे. कधी रॉकेलचा बोळा, कधी सुका बोंबील, कधी पायातला मोजा.

"काय हाय सांग."

"जाई," राजरत्न म्हणायचा.

दर वेळी हेच. आवाजही तोच, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. पाहुणे हसून हसून भिंतीला टेकायचे. पहिल्या वेळी प्रतीक्षा काचेच्या खोलीतून उठून मध्ये गेली होती. "वहिनी, गंमत हाय," सुदर्शन म्हणाला होता. "त्यालाच इचारा." तिनं विचारलं. राजरत्न म्हणाला, "तू तुझं काम बघ." पुढच्या वेळेपासून ती दळायचं मशीन चालू करायची.

पुढच्या पावसाळ्यात सुदर्शनचा मेहुणा आला. दोनदा बघून झालेला खेळ तिसऱ्यांदा बघताना तो म्हणाला, "दाजी, एकदा खरीच जाई देऊन बघा की. मग काय म्हणतोय बघू."

सगळ्यांना हे पटलं. मेहुण्यानं स्वतः मागच्या वेलीची ओंजळभर फुलं तोडून आणली. पाऊस नुकताच उघडला होता. वास इतका होता की पुढच्या खोलीत प्रतीक्षाच्या लक्षात आलं आणि ती दारापर्यंत आली.

राजरत्नच्या डोळ्यांवर रुमाल होता. मेहुण्याला नुसतं नाकापुढं धरून समाधान झालं नाही, त्यानं फुलं त्याच्या तळहातावर ओतली. राजरत्नची बोटं त्यांवरून एकदा फिरली. ओली, लांबट देठांची, पातळ पाकळ्यांची. प्रतीक्षानं ते बघितलं. त्याला कळलं होतं.

"सांग रं," सुदर्शन म्हणाला. "नीट वास घे. घाई न्हाई."

राजरत्ननं ओंजळ नाकाशी नेली आणि छाती भरेपर्यंत हवा आत घेतली. मागं शेडमध्ये ड्रम फिरत होता. वाळल्या काटक्या मोडाव्यात तसे दाणे बारीक फुटायला लागले होते.

"कांदा," तो म्हणाला.

एवढे ते कधीच हसले नव्हते. मेहुण्याला खाली बसावं लागलं. राजरत्ननं रुमाल सोडला, घडी करून सुदर्शनच्या हातात दिला आणि भराभर शेडकडे गेला. तडतड भरात आली होती. अजून थोडं थांबला असता तर माल पेटला असता.